थोरल्या फणसाचे चाचा

"थांबा. ते काय म्हणतंय, ऐकू द्या."

असं म्हणून चाचा फणसाला कान लावायचे. मधल्या बोटाचं पेर वाकवून दोनदा ठोकायचे, डोळे मिटायचे आणि आतून कुणीतरी 'या, बसा' म्हणेल अशा बेतानं वाट बघायचे. फणस कच्चा असला तर टकटक वाजतो, पिकायला आला की बदबद वाजतो, एवढं तुम्हाआम्हालाही कळतं. चाचांना त्याच्यापुढचं कळायचं. आत गरे किती, त्यातले नासके किती, गरा कडक कापा आहे की लिबलिबीत बरका, आणि मालकाच्या मनात आज सौदा करायचा आहे की नाही, हे सगळं त्यांना सालीवरून ऐकू यायचं. मग ते कान काढून घ्यायचे, टोपी सारखी करायचे आणि निकाल द्यायचे.

"बरं हाय. लई न्हाई."

मंडळी, हा निकाल फक्त फणसापुरता नव्हता. माझ्या मुलीच्या लग्नात पाच हजार पान उठलं. बायको म्हणते आठशे, पण ती स्वयंपाकघरात होती, तिला काय दिसणार? चाचांना विचारलं, कसं झालं कार्य? "बरं हाय. लई न्हाई." त्यांची स्वतःची नात दहावीला शाळेत पहिली आली. पेढा माझ्या हातावर ठेवला आणि पोरीच्या देखत म्हणाले, "बरं हाय. लई न्हाई." पोरगी हसत होती. तिला ठाऊक होतं की आजोबांच्या बोलीत ही तोफांची सलामी आहे.

चाचा पौडचे बागवान. त्यांचा धंदा उभ्या झाडाचा. मुळशीच्या खोऱ्यात फिरायचं, झाडावरचा फणस, आंबा, जांभूळ बघायचं आणि फळ उतरायच्या आधीच सौदा करून टाकायचा. आजानं हेच केलं, बापानं हेच केलं. आणि माझा धंदा म्हणजे तहसील कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज आणि कागद लिहून देणं. चाचांची फळांची हातगाडी माझ्या टेबलाला लागून. तीस वर्षं आम्ही एका छत्रीखाली बसलो, आणि छत्री माझी होती. ते मला 'वकील' म्हणायचे. मी वकील नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणूनच म्हणायचे.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की आमच्या दोघांचे धंदे उलटे. मी अर्ज लिहिताना गोष्ट फुगवायची, नाहीतर साहेब वाचत नाही. त्यांनी सौदा करताना गोष्ट दाबायची, नाहीतर मालक चढतो. आम्ही दोघं एकाच प्रसंगाबद्दल सांगायला लागलो की खरं काय ते आमच्या मधोमध चहाच्या पेल्याशेजारी पडलेलं असायचं. ज्याला हवं त्यानं उचलावं.

आता थोरल्याकडं येऊ.

थोरला म्हणजे आमच्या रिहे गावचा फणस. गावात फणस आणखीही आहेत, पण थोरला एकच. सात गडी हातात हात घालून उभे राहिले तरी त्याच्या बुंध्याला वेढा पडत नाही. आठवा आणला की झाड अंग फुगवतं. त्याचा एक फणस एकदा माझ्या मामानं एसटीनं पुण्याला नेला, तर कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं आणि त्याला खिडकीजवळ बसवलं. एकदा बिबट्यानं रात्री पडलेला बरका फणस खाल्ला आणि चिकानं त्याचा जबडा मिटला, तो तीन दिवस डरकाळी न फोडता फिरत होता. कुत्री त्याच्याकडं बघून हसायची. खोटं वाटत असेल तर त्या कुत्र्यांना विचारा.

पण त्याच्या जन्माची गोष्ट मी फुगवत नाही. ती आहे तशीच पुरेशी मोठी आहे. वरच्या अंगाला धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली, तेव्हा एक बाई डोक्यावर संसार घेऊन खाली रिह्यात आली. वाटेत भाजून खायला पदराला फणसाच्या आठळ्या बांधल्या होत्या. पोरांनी मागून मागून सगळ्या खाल्ल्या, एक उरली. ती तिनं बांधाला पुरली. त्या गावाची घरं, देऊळ, विहीर, सगळं आज पाण्याच्या तळाशी आहे. वर उन्हात उभं असलेलं त्या गावाचं एवढं एकच काय ते उरलं. ती बाई माझ्या आजाची आई.

आणि चाचांचे आजे त्या बुडालेल्या गावातही फणस घ्यायला जात. गाव उठल्यावर ते त्या बाईला शोधत रिह्यात आले आणि तिनं पुरलेल्या आठळीला कोंब आलेला बघून म्हणाले, "ह्येचा पहिला सौदा माझा." झाड वीतभर. सौदा पक्का. त्याला म्हणतात गिऱ्हाईक.

तेव्हापासून रीत पडली. थोरल्याचा हंगामातला पहिला फणस विकायचा नाही. तो गावाचा. देवळापुढं चादर घालायची, हाताला तेल लावून चाचांच्या घरातल्या माणसानं तो फोडायचा, वर्षभरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराच्या ओठाला रस लावायचा आणि मग गावानं खायचा. गाव म्हणजे सगळं गाव, वरची आळी, खालची आळी, बुद्धविहाराकडची घरं, सगळे एका चादरीभोवती. फणसाच्या चिकानं एकदा बोटं चिकटली की कुणाचा हात कुणाचा हे तसंही कळत नाही.

पण गंमत ऐका. पन्नास वर्षं तो फणस फोडणाऱ्या चाचांनी त्यातला एक गरा कधी तोंडात टाकला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "यापाऱ्यानं मालावर जीव लावला की भाव चुकतोय. आज्यानं सांगितलंय, थोरल्याची चव घ्यायची न्हाई." गाव गरे खायचं आणि चाचा सुरीवरचं तेल पुसत बसायचे. कुणी विचारलंच, चाचा, औंदा फणस कसा? तर न खाता निकाल तयार. बरं हाय. लई न्हाई.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी घोळ घातला.

माझ्या चुलतभावानं तो बांध आणि त्याखालचा तुकडा विकायला काढला. घेणारा पुण्याचा साहेब, हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर, माणूस वाईट नव्हता. गावानं एकच अट घातली, थोरल्याला हात लावायचा नाही. साहेब हो म्हणाला. कागद लिहायला मी. आता घरच्या झाडाचा कागद, मी काय साध्या ओळीवर थांबतो? मी लिहिलं की झाडाला फळ येत आहे तोवर ते कुणी तोडणार नाही. इथं थांबायला हवं होतं. पण हात शिवशिवत होता. पुढं लिहिलं की फळ जिथवर लागेल तिथवर गावाची वहिवाट राहील. आणि मग, कागदाला भारदस्तपणा यावा म्हणून, शेवटी झोकात ठोकून दिलं की सलग तीन हंगाम फळ न लागल्यास खरेदीदारास झाड तोडण्याची मुभा राहील.

चाचा खांद्यावरून वाचत होते.

"वकील, ह्ये तीन हंगामाचं कशापायी घातलं?"

"चाचा, अट दोन्हीकडून असली की कागद वजनदार दिसतो. आणि थोरला तीन वर्षं फळणार नाही? अहो, तो तीन दिवस थांबत नाही."

चाचांनी टोपी सारखी केली.

साहेबानं बंगला बांधला. झाडापासून पायरीपर्यंत सगळं अंगण पेव्हर ब्लॉकनं फरसबंद केलं. आणि मंडळी, त्याच वर्षी थोरला थांबला. एक फणस नाही. फांद्या हिरव्यागार, बुंधा ठणठणीत, पण फळाचं म्हणाल तर नाव नाही. दुसऱ्या वर्षीही तेच. ज्याच्या फणसाला एसटीत खिडकी मिळायची, त्याच्या फांदीवर पोपटानं बसायचं सोडलं.

पहिल्या वर्षी चाचा मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षीही नाही. पण दुसऱ्या हंगामानंतर त्यांनी आपलं स्टूल फिरवलं. तीस वर्षं तोंड माझ्याकडं होतं, ते आता रस्त्याकडं झालं. चहा येत राहिला, पण त्यांचा वेगळा आणि माझा वेगळा. छत्रीच्या सावलीत मला त्यांची फक्त पाठ दिसायची. मी आयुष्यात लोकांच्या शिव्या खाल्ल्या, साहेबांचे दम खाल्ले, पण त्या पाठीइतकं कुणी मला बोललं नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात ते रोज रिह्यात जायचे. साहेबाच्या फाटकात टेम्पो लावायचे, रस्त्याच्या कडेला, ठरलेल्या जागी. थोरल्याच्या बुंध्याला पेरानं ठोकायचे, कान लावायचे. साहेबाचा राखणदार हिंदीत विचारायचा की हे रोज काय करता. चाचा सांगायचे, तब्येत विचारतोय. परत आले की मी पाठीला विचारायचो, काय म्हणाला? पाठ सांगायची, "आजून बोलंना."

साहेबाला थोरल्याच्या जागी पोहायचा हौद बांधायचा होता. तरी त्यानं सबुरी धरली. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मृग लागेपर्यंत थांबतो, म्हणाला, कागदाप्रमाणं. मृगाच्या दुसऱ्या दिवशी करवतवाला यायचा होता. बुडालेल्या गावाचं उरलेलं एकमेव झाड जाणार, आणि त्याचा हुकूम माझ्या अक्षरात.

मृगाला आठ दिवस राहिले असतील. सकाळी साहेबच माझ्या टेबलापुढं उभा. चिडलेला. कचेरीत दुसरं काम होतं, जाता जाता एक तक्रार लिहून हवी होती. कुणाविरुद्ध? तर अंगण घातलेल्या कंत्राटदाराविरुद्ध.

"काका, असं लिहा की काम एकदम थर्ड क्लास झालंय. पायरीपाशी ब्लॉक वर आलेत. खाली पोकळी आहे. आणि कसला तरी वास येतोय. आधी वाटलं गॅस लीक आहे, मग वाटलं ड्रेनेज. दोनदा प्लंबर आणला. काही सापडत नाही."

मी लिहायला लागलो. अंगण उद्ध्वस्त झाले असून अर्जदाराच्या कुटुंबाच्या जिवास धोका, वगैरे. हात आपोआप चालतो.

"आणि हेही घाला," साहेब म्हणाला. "त्या ब्लॉकवर ठोकलं ना, की बदबद आवाज येतो."

स्टूल करकरलं. वर्षभरानं चाचांचं तोंड माझ्याकडं झालं. पण ते बघत होते साहेबाकडं.

"कसा आवाज येतोय, साहेब?"

"बदबद. म्हणजे पोकळ असल्यासारखा."

"आन् वास ग्वाड हाय का?"

साहेब विचारात पडला. "हो. गोड. जरा जास्तच गोड."

चाचांचा टेम्पो तीसच्या वर कधी गेला नव्हता. त्या दिवशी तो पौडहून रिह्याला असा निघाला की वळणावर आमच्या मागं राहिलेली आमचीच सावली आम्हाला गावात पोहोचल्यावर धापा टाकत येऊन मिळाली. गाडी नेहमीच्या जागी लावायलाही चाचा थांबले नाहीत. थेट आत. पायरीपाशी पाच-सहा ब्लॉक गळवासारखे वर आले होते. सत्तरी ओलांडलेला तो माणूस अंगणात पालथा पडला आणि जमिनीला कान लावला.

साहेबाची गाडी मागून आली. राखणदार आला. गावच्या सरपंचबाई आपल्या खताच्या दुकानातून तशाच आल्या. मला राहवेना. मी म्हणालो, "चाचा, काय म्हणतंय?"

"थांब. ऐकू दे."

दोनदा ठोकलं. बदबद. डोळे मिटलेलेच.

"हितं हाय," चाचा म्हणाले. "मुळाला लागलंय. झाड म्हातारं झालं की फळ खाली उतरतंय. आज्यानं सांगितलं व्हतं. मी इसरलो. तीन वर्सं बुंध्याला इचारत व्हतो, आन् ह्ये हितं बोलत व्हतं."

त्यांनी स्वतःच्या हातानं ब्लॉक उचलले. खालची माती भेगाळली होती. वर आला तो वास असा की पार भुकूम गावापर्यंतच्या मधमाश्यांनी घरं बदलली. माती बाजूला सारली तर आत फणस, हिरवा-पिवळा, काट्यांवर माती माखलेला, मुळाला घट्ट धरून बसलेला. केवढा? तुम्ही वासरू बसलेलं बघितलंय? मग तेवढा.

साहेब मग माझ्याकडं वळून म्हणाला, "काका, कागदात ते फळ लागेल तिथवर वहिवाट असं काहीतरी होतं ना?"

"होतं," मी म्हणालो.

साहेबानं फणसाकडं बघितलं, आणि फणसापासून हाताभर असलेल्या आपल्या स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. मग त्याला हसू आलं. "म्हणजे आता गाव किचनपर्यंत येणार."

"दारापर्यंतच," सरपंचबाई म्हणाल्या. "आत कशाला येऊ? चहा बाहेर दिला तरी चालेल."

त्या दिवशी रिह्याच्या इतिहासात पहिल्यांदा थोरल्याचा पहिला फणस देवळापुढं न फोडता साहेबाच्या अंगणात फोडला. मुळावरून काढून लांब न्यायचं धाडस कुणाला होईना. ढोल आला, हलगी आली. करवतवाल्याला फोनवरूनच नारळ दिला. वर्षभरातली चार लेकरं रांगेत आणली, त्यांच्या ओठांना रस लागला, चारही रडली, म्हणजे रीत पुरी झाली. साहेबानं अकरा गरे खाल्ले. अकरा हा आकडा मी फुगवलेला नाही, आठळ्या मोजल्या आहेत. त्याचे दोन्ही हात चिकानं एकमेकांना चिकटले आणि त्याला फोन उचलता येईना, तेव्हा तो मला पहिल्यांदा खरोखर सुखी दिसला.

चाचा नेहमीसारखे बाजूला बसून सुरीवरचं तेल पुसत होते. सरपंचबाई गेल्या आणि एक गरा त्यांच्या हातावर ठेवला.

"चाचा, आज यापार न्हाई. आज तुमीबी गावच."

चाचांनी गऱ्याकडं बघितलं. झाडाकडं बघितलं. ढोल थांबला. कुणी थांबवला नव्हता, वाजवणाऱ्याचेच हात थांबले. पन्नास वर्षं आणि तीन पिढ्या न घेतलेली चव त्यांनी तोंडात टाकली, आणि डोळे मिटून, फणसाला कान लावतात तसे, आतलं ऐकत बसले.

आम्हाला सगळ्यांना निकाल पाठ होता. पोरं तर ओठ हलवून तयार होती.

चाचांनी आठळी तोंडातून काढली, पुसली, खिशात टाकली.

"लई हाय," ते म्हणाले.

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "वकील, च्या सांग. एकच. दोगांत."

त्यानंतर दोन हंगाम ते माझ्याकडं तोंड करून बसले. परवाच्या थंडीत गेले. अंगात ताप होता, मी उशाशी बसून विचारलं, कसं वाटतंय? मंडळी, तुम्ही ओळखलंत. तेच म्हणाले. मी म्हणालो, चाचा, इथं तरी भाव पाडू नका. ते हसले. पौडच्या कब्रस्तानात त्यांना ठेवलं तेव्हा सगळं रिहं उभं होतं. नातीनं त्यांच्या कपाटातून ती आठळी काढून दिली. सरपंचबाईंनी ती देवळामागं पुरली आहे. वीतभर आलीय. नातीनं तिचा पहिला सौदा आत्ताच करून ठेवलाय.

औंदाच्या मे महिन्यात साहेबाचा फोन आला. काका, लगेच या. मी गेलो. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, चाचा टेम्पो लावायचे नेमक्या त्याच जागी जमीन फुगली होती. मुळं कंपाउंडखालून बाहेर पडून तिथवर आली होती. आणि तिथं हिंजवडीचा तो साहेब, हाफ पँटीत, भर रस्त्याकडेला पालथा पडला होता. गाड्या हॉर्न वाजवत जात होत्या.

मी म्हणालो, "साहेब, काय म्हणतंय?"

त्यानं न बघता हात वर केला. "थांबा, ऐकू द्या."

पेर वाकवून दोनदा ठोकलं. मग उठला, पोटावरची माती झटकली आणि डोक्यावर नसलेली टोपी सारखी करत म्हणाला, "बरं हाय. लई न्हाई."

तो फणस उचलायला चार माणसं लागली. मी गावभर सहा सांगत फिरतोय. चाचांनी दोन सांगितली असती.